न कापलेला अंक

"वहिनी, यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही, आधीच सांगून ठेवतो," म्हाताऱ्या बाइंडरने पिशवीतून एक जुना अंक काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या कुठल्या गोष्टीवर बसलाय आजवर, भावजी?" वहिनी चष्मा पुसत म्हणाल्या.

तेही खरंच. थापा मारण्यात त्याचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. पण जुन्या वाङ्मयीन मासिकांच्या बाबतीत दोघे भाऊ, तो आणि वहिनींचे यजमान, भलते काटेकोर. थोरल्याने वाचून समासात पेन्सिलीने शेरे मारायचे, धाकट्याने खाली उत्तरं द्यायची, असा शिरस्ता. मग रद्दीवाल्याकडे हा अंक सापडला. छापखान्यातून आल्या तशाच पानांच्या घड्या, कडेला जोडलेल्या, सुरीने कापून एकही न सोडवलेली. धाकटा म्हणाला, कापू आणि वाचू. थोरला म्हणाला, कोराच ठेवायचा. एवढ्यावरून जुंपली, संग्रहाची वाटणी झाली, हा अंक थोरल्याकडे गेला आणि दोघांत अबोला आला. एकोणीस वर्षं.

गेल्या महिन्यात थोरला वारला, अबोला न सोडताच. वहिनींनी कपाट रिकामं करून अंक दिराच्या हवाली केले. त्याला मात्र एकच गोष्ट कुरतडत होती. दादा रागातच गेला का?

"काल दुपारी जेवण झाल्यावर सुरी घेतली, पहिली घडी सोडवली," तो सांगू लागला. "आत समासात दादाचं अक्षर. 'शेवटी कापलासच ना.'"

"पूर्वीच लिहून ठेवलं असेल."

"बंद घडीत? चाळीस वर्षं बाइंडिंग केलंय मी, वहिनी. पेन्सिल आत जाईल कुठून? तरी म्हटलं, असेल काही युक्ती. दुसरी घडी सोडवली. 'सुरी तिरकी धरतोस. अंगठा कापून घेशील.'"

त्याने अंगठा पुढे केला. वर चिंधी गुंडाळलेली होती.

वहिनी हसल्या नाहीत. "मग?"

"तिसरीत लिहिलेलं, 'आधी रक्त पूस. कागदाला लागेल.'"

हे मात्र अगदी त्यांच्यासारखं होतं. वहिनींनी चष्मा चढवला.

"आणि शेवटच्या घडीत?"

त्याची नजर टेबलावरच होती.

"'राग केव्हाच गेला रे.' एवढंच."

वहिनींनी अंक उचलला. एकेक पान उलटत शेवटाला आल्या आणि बोट अडलं. घडी बंद होती. कडेला सुरीचा ओरखडासुद्धा नव्हता.

त्यांनी अंक खिडकीच्या उजेडात धरला.

मग कानाशी नेला.

आत पेन्सिल चालल्याचं ऐकावं तसा कान दिला.

"खोटं, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं अजून लिहून कुठे झालंय?"