शोकपत्रातला पूर्णविराम

१४ डिसेंबरला, जठराच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, माझे बाबा गेले.

असं काहीही झालेलं नाही. आज डिसेंबरची तीन तारीख आहे. बाबा पाचव्या मजल्यावर पर्सिमनची फळं सोलतायत. त्यांना स्वतःला खायची मनाई आहे, म्हणून नर्सना वाटतायत. आणि मी साकाता शहरातल्या या हॉस्पिटलच्या तळघरात, संशोधन कक्षात, रुग्णांचे निकाल भरतोय.

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस किती जगेल, हे आमचा संगणक आधी सांगतो. खरं काय झालं, तो निकाल आम्ही नंतर लिहितो. खरं बहुतेक डिसेंबरात कळतं. आमच्याकडे ज्या घरातलं कोणी त्या वर्षी गेलं, ते घर नववर्षाच्या शुभेच्छा घेत नाही. तसं कळवणारं करड्या काठाचं कार्ड ओळखीपाळखीत धाडतं. आमचे रुग्ण हजारभर, त्यामुळे आमची ओळख दांडगी.

"संगणक माझ्याबद्दल काय म्हणतो?" बाबांनी सकाळी विचारलं होतं.

"ऑपरेशनातून वाचाल, सत्त्याण्णव टक्के."

"शाळेत तुला एवढे कधी पडले नाहीत. घेऊन ठेव."

दुपारच्या टपालात ते कार्ड माझ्या सहकारी नुकुइताईंना सापडलं. अकरा वर्षं त्या ही कार्डं वाचतायत, एरवी जांभई देत.

"तोगाशी, तुझी थट्टा दिवसेंदिवस वाईट होत चाललीय हं."

वडील शिगेहारु वयाच्या ७१व्या वर्षी १४ डिसेंबर रोजी निवर्तले. पत्ता आमचा. पाठवणारा मी.

"छापखान्याची चूक असेल," मी म्हणालो.

"छापखाना पूर्णविराम देत नाही."

खरं होतं. शोकपत्रात विरामचिन्हं घालत नाहीत. विधी मध्येच अडू नयेत म्हणून. आईच्या वेळी मी ते विसरलो आणि दोनशे कार्डं फुकट गेली. बाबा तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. या कार्डाच्या शेवटी तोच ठिपका होता.

मी सर्जनकडे गेलो आणि बाबांच्या तेरा तारखेच्या ऑपरेशनसाठी पुढची तारीख मागितली. कारण सर्दी. कोणाला, ते सांगितलं नाही. नऊ जानेवारी मिळाली.

"याच्यापुढे नाही," ते म्हणाले. "गाठ तुमच्या सर्दीसाठी थांबणार नाही."

खाली आलो तर टेबलावरचं करड्या काठाचं कार्ड गेलं होतं. त्या जागी निळसर कार्ड होतं, बर्फाचं चित्र असलेलं, हाताने लिहिलेलं.

वर्ष उलटल्यावर कोणी गेलं की करडा काठ चालत नाही. मग जानेवारीत थंडीची विचारपूस करायची आणि ओघात बातमी द्यायची.

कडाक्याच्या थंडीत प्रकृती सांभाळावी. वडील १० जानेवारीला गेले.

"रीत तरी पाळलीस," नुकुइताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

"मी नाही लिहिलं."

"अक्षर तुझंच आहे रे."

शाई ओली होती. माझ्या तर्जनीवरचीसुद्धा.

ऑपरेशन केलंच नाही तर बाबा फेब्रुवारीपर्यंतच, असं सर्जन म्हणाले होते. फेब्रुवारीत कोणतं कार्ड धाडतात, हे मी ताईंना विचारलं नाही.

त्यांनी न विचारता कार्डांचा खण उघडला.

मी कोरा कागद ओढला.

मा. नीतिसमिती यांस,

संमतिपत्राच्या कलम सहानुसार रुग्णास कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता माघार घेता येते. तरी रुग्ण क्र. २१२, तोगाशी शिगेहारु, यांना संशोधनात ठेवून केवळ निकालातून वगळण्यात यावे, ही नम्र विनंती.