जाळ टिकत नाही

तुम्ही खोटं म्हणालात तरी माझं काही बिघडत नाही. मी मशिनवाला माणूस आहे, भुताखेतांवर माझं पोट चालत नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. बारामतीजवळ कन्हेरीत, गेल्या पौषात, दिवेलागणीच्या वेळी. ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारूनच लिहितोय.

माझं नाव लखन. वॉशिंग मशिन आणि गिझर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. त्या दिवशी अविराज नावाच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, कपडे वाळवायचं मशिन आहे, गॅसवरचं, पण जाळ टिकत नाही.

मला हसू आलं. कन्हेरीसारख्या गावात असलं मशिन कोण ठेवतं? दोरीला काय ऊन लागत नाही का?

पण खरंच होतं. अविराज एमआयडीसीत कामाला. त्याच्या कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना ते मशिन त्याला देऊन गेला होता. अविराजच्या बायकोनं, संजीवनीनं, हट्टानं ते घरी आणवलं. घर मळ्यात, शेजारी गुऱ्हाळ. गुऱ्हाळ पेटलं की दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडते. त्यात सासू धोंडाबाईंचा नियम, की तान्ह्या बाळाचं कापड तिन्हीसांजेला बाहेर राहता कामा नये. संजीवनीला तेव्हा दिवस गेलेले. ती सासूला हसत म्हणाली होती, मग बाळाचं सगळं घरातच वाळवू की.

मागच्या खोलीत मशिन बसलं. भिंतीला भोक पाडून धुराचा पाइप बाहेर काढला.

आणि संजीवनी बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही.

जे मशिन तिनं आणवलं, त्यात बाळाचं एक दुपटंसुद्धा तिच्या हातून वाळलं नाही.

हे सगळं मला तिथं पोचल्यावर कळलं. त्याआधी दिसला उंबरा. त्यात नवे लोखंडी खिळे ठोकलेले होते.

आपल्याकडे बाळंतीण गेली की असं करतात. लेकराच्या ओढीनं ती परत येईल म्हणून उंबऱ्याला खिळे ठोकतात. स्मशानातून येताना वाटेवर मोहरी टाकत येतात. ती मोहरी वेचत बसते आणि घरापर्यंत पोचत नाही, असं म्हणतात.

मला मनातून राग आला. मेलेल्या पोरीला तिच्याच घराचं दार बंद करायचं, ही कुठली रीत? पण दुःखाच्या घरात काय बोलणार? गुपचूप आत गेलो.

खोलीत मशिन, त्याला लागून सिलेंडर आणि पलीकडे पाळणा. खोली उबदार राहते म्हणून संजीवनीच्या लेकीला, छकुलीला, तिथंच निजवायचे. सहाएक महिन्यांची पोर, अंगानं मऊ पडलेली.

मी मशिन चालू केलं. ड्रम फिरला. खालच्या झरोक्यातून पाहिलं तर जाळ पेटवणारी कांडी लाल झाली, गॅस आला, जाळ पेटला. सगळं जिथल्या तिथं.

थोड्या वेळानं...

जाळ गेला.

गॅस सोडणाऱ्या कॉइल तपासल्या. बऱ्या होत्या. जाळीतला कचरा काढला, मशिनच्या मागे पाइपचं तोंड पाहिलं. मोकळं होतं. मग सिलेंडरकडे नजर गेली.

रेग्युलेटरची चावी बंद होती.

कुणी बंद केली म्हणून विचारलं. अविराज दारात उभा होता, धोंडाबाई पाळण्यापाशी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोज असंच होतं म्हणे. आई म्हणते अविराज बंद करतो, तो म्हणतो आई करते.

मी म्हटलं, रेग्युलेटर ढिला असणार. पिशवीतला नवा काढून बसवला. पुन्हा मशिन चालू केलं आणि सिलेंडरसमोर मांडी घालून बसलो. बघू कोण येतंय ते.

जाळ पेटला. ड्रम फिरू लागला.

आणि वास आला... शेपा-ओव्याच्या धुरीचा.

बाळंतिणीच्या खोलीत येतो तो वास. त्या घरात बाळंतीण नव्हती.

मग आवाज आला... काचेच्या बांगड्यांचा. बाई काम करताना वाजतात, तसा हलकासा.

धोंडाबाईंच्या हातांत बांगड्या नव्हत्या.

खट्...

माझ्यासमोर, हातभर अंतरावर, चावी आपोआप फिरली.

जाळ विझला.

पाळण्यात छकुली हसली. सिलेंडरपाशी कुणी नव्हतं, तिकडेच बघून तिनं दोन्ही हात वर केले. लेकरं उचलून घ्या म्हणून करतात तसे.

धोंडाबाईंनी तिला झटकन उचललं आणि पदराखाली घेतलं. "जा गं बाई, जा," त्या पुटपुटल्या.

मी उठलो आणि माझा तोल गेला. डोकं जड झालं होतं. वाटलं, घाबरलो. पण भीतीनं डोळे चुरचुरत नाहीत. मी अविराजला विचारलं, इथं बसलं की तुमचंही डोकं दुखतं का?

रोजच दुखतं, तो म्हणाला. पोरगीसुद्धा मलूल पडते, दूध ओकते. औषध चालू आहे.

दारंखिडक्या उघडल्या, सगळ्यांना अंगणात काढलं आणि घरामागं पळालो. भिंतीतून निघालेल्या पाइपचं बाहेरचं तोंड बघायचं राहिलं होतं.

त्यात लुगड्याचं फडकं कोंबलेलं होतं, पार आतपर्यंत. मी ते ओढून काढलं. माझ्या पायांवर मोहरी सांडली.

धोंडाबाई मागोमाग आल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच बोलल्या.

"उंबऱ्याला खिळं ठोकलं, लखनराव. पर ह्या भोकाचं काय करायचं? भिंतीतनं थेट पोरीच्या पाळण्यापाशी निघतंय. तिनं पोरीला नेली म्हंजी?"

मी त्यांना समजावलं. हे तोंड बुजवलं की जळालेला गॅस घरातच कोंडतो. त्या विषाचा वास येत नाही, माणूस झोपेत जातो. मग आत जाऊन मशिन उघडून बघून आलो, तर जास्त तापल्यावर जाळ तोडणारा थर्मोस्टॅटही चिकटलेला होता. जाळ थांबवणारं मशिनमध्ये काही उरलंच नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "कुणीतरी जाळ विझवत होतं, म्हणून पोरगी जिती आहे."

त्या तिथंच खाली बसल्या, मातीत सांडलेल्या मोहरीत.

"आन् मी तिला रोज शिव्या घालत हुते," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्यांनीही लेकरासाठीच केलं होतं.

अविराज पोरीला घेऊन तेव्हाच दवाखान्यात गेला. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मी नवा थर्मोस्टॅट बसवला, पाइप साफ केला, बाहेरच्या तोंडाला उंदरांसाठी जाळी लावली. पाळणा पुढच्या खोलीत हलवायला लावला. दुसऱ्या दिवशी मशिन न थांबता चाललं. दुपटी खडखडीत वाळली.

मला वाटलं, संपलं.

संक्रांतीनंतर धोंडाबाईंचा फोन आला. मशिन बरं चालतंय ना, मी विचारलं. व्हय, म्हणाल्या.

"ती येत न्हाय आता," त्या म्हणाल्या. "मी खिळं काढलं उंबऱ्याचं. हळदीकुंकू ठिवलं तिच्या नावानं. तरी न्हाय. पोरगी दिवं लागलं की सिलेंडरकडं हात करून रडती. लखनराव... मशिन पयल्यावानी बिघडवून द्याल का?"

मी म्हटलं, मावशी, त्यानं पोरीचा जीव जाईल.

"ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. "तरी इचारलं."

मला राहवलं नाही. संध्याकाळी कन्हेरीला गेलो. पाइपची जाळी काढली, तोंड सताड मोकळं केलं. दारंखिडक्या उघड्या ठेवल्या आणि मशिन चालू केलं. अविराज छकुलीला कडेवर घेऊन उभा राहिला. धोंडाबाई उंबऱ्यात बसल्या आणि बाहेरच्या अंधाराला म्हणाल्या, "संजे, ये गं. कुणी अडवत न्हाय."

आम्ही वाट बघत राहिलो...

वास आला नाही. बांगडी वाजली नाही.

छकुलीनं सिलेंडरकडे हात केले. बराच वेळ तसेच धरले, मग दमून खाली घेतले आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मी झरोक्यातून बघत होतो. निळा जाळ एकसारखा जळत होता, कपडे वाळेपर्यंत. काम चोख झालं होतं माझं. आणि आजवर कुठल्याही चोख कामाचं मला एवढं वाईट वाटलेलं नाही.

लेकराचा धोका टळला म्हणून ती निघून गेली, की मीच तिची वाट बंद केली?

जाळी अजून माझ्या दुकानात पडून आहे. ती कुठल्या दुसऱ्या मशिनला लावायला माझा हात धजत नाही.