मागून मारलेली हाक

कानाच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत सकाळी ती शिरली, तेव्हा तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत मोजे होते आणि एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं.

"कोण आहे?" तिने विचारलं.

पाय गप्प.

"अहो, कोण आहात तुम्ही? खोलीत कुणी सोडलं तुम्हाला?"

पाय ढिम्म हलले नाहीत. मग मात्र तिने छत्रीचं टोक नेमकं त्या भोकाला लावलं. टेबलाखाली धाडकन डोकं आपटलं आणि वायरींच्या जंजाळातून एक तरुण चेहरा वर आला. केसांत जळमट, हातात प्लग... आणि तोंडभर हसू.

"मी पीडीएफवाला," तो डोकं चोळत म्हणाला. "आणि आपण?"

"या खोलीची मालकीण. केव्हाची हाका मारतेय मी!"

"कामात असलो की माझं असंच होतं," तो म्हणाला. तिला ते पटलं. न पटायला काय झालं?

तर गोष्ट अशी होती. ती लोकांचे कान तपासायची. पेशंट तिला 'कानवाली ताई' म्हणत. तिचं तपासणीचं मशीन जुनं होतं पण इमानी होतं. अडचण एकच, त्याची मैत्री फक्त त्याच्या जोडीला आलेल्या प्रिंटरशी होती, आणि तो प्रिंटर वारला. दुसऱ्या कुठल्याही प्रिंटरकडे मशीन ढुंकून बघेना. तेव्हापासून प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट कागदावर न उतरता कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरची फाईल होऊन पडायचा. ती फाईल उघडावी तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा जीव त्या मशीनवर. त्यांनी शोधून शोधून एक सॉफ्टवेअर काढलं, जे असल्या फाईलींची सरळ पीडीएफ करून देतं. पण आधी वापरून बघायचं, पटलं तर विकत घ्यायचं. त्या बघण्याच्या कामावर कंपनीने या मोजेवाल्याला पाठवलं होतं.

"आधी वापरून बघा, मग ठरवा?" घरी हे ऐकून तिची आई म्हणाली. "आमच्या वेळी स्थळांना असली सोय असती तर!"

आठवडा उलटल्यावर मशीनसोबतच्या नमुना रिपोर्टची पहिली पीडीएफ निघाली आणि दोघं बघतच राहिली. आलेखात उजव्या कानाची खूण गोल असते, डाव्याची फुली; इथे गोलांच्या जागी प्रश्नचिन्हं, फुल्या पानाबाहेर पळालेल्या, आणि सगळ्यावर तिरक्या करड्या अक्षरांत लिहिलेलं... चाचणी प्रत.

"छान," ती म्हणाली. "या माणसाला एकच कान आहे, आणि त्याचीही शंकाच."

"प्रश्नचिन्हं मी काढतो. पण ती तिरकी पट्टी पैसे भरल्याशिवाय जाणार नाही."

"म्हणजे तुमच्यासारखीच. गेल्या सोमवारी जाणार होतात ना?"

"मला घालवायला किती द्याल?" तो म्हणाला. ती हसली, आणि हसू आवरायला उगाच ड्रॉवर उघडून बसली.

दिवस असेच जात राहिले. प्रश्नचिन्हांचे चौकोन झाले, चौकोनांची टिंबं झाली. तो सेटिंग बदलायचा, ती पान तपासायची. काम पुढे सरकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणालाच घाई नव्हती.

त्याची एक गोष्ट मात्र तिच्या मनात भरली. ती बोलायला लागली की तो हातातलं काम टाकायचा, खुर्ची फिरवायचा आणि तिच्याकडे बघायचा. डोळ्यांत नव्हे... जरा खाली. तिच्या ओठांकडे. इतकं रोखून, इतकं मन लावून, की ती साधं "चहा घेणार?" म्हणताना अडखळायची. घरी आरशासमोर उभी राहून तिने आपले ओठ पहिल्यांदाच नीट पाहिले. मावसबहिणीच्या लग्नात वापरलेली लिपस्टिक कपाटातून बाहेर आली.

"दवाखान्यात कुणाचं लग्न आहे का?" आईने विचारलं.

"काहीतरीच काय!" ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मग एका संध्याकाळी भुरभुर पाऊस असताना तो तिला रस्त्यात पुढे चालताना दिसला. तिने हाक मारली. "अहो... पीडीएफवाले!" अख्खा रस्ता वळून बघायला लागला, एक तो सोडून. काळी छत्री तशीच हलत हलत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. शिष्ट कुठला! भाव खातो!

दुसऱ्या दिवशी तिच्या नाकावर राग. कपाटाकडे तोंड करून ती त्याला टोमणे मारत राहिली आणि त्याच्याकडून एकालाही उत्तर आलं नाही, तेव्हा तर तिने तोंडच मिटलं. दुपारी तिच्या टेबलावर एक पेपरमिंटची गोळी आली.

"कशाबद्दल?"

"ते ठाऊक नाही," तो तिच्या ओठांकडे बघत म्हणाला. "पण माफ कर... करा."

"करच चालेल," ती पुटपुटली.

गोल शेवटी गोल झाले ते एका शुक्रवारी. म्हणजे झाले असावेत, असं त्याला वाटत होतं. खात्री करायला ताजा रिपोर्ट हवा होता, पण बाहेरच्या माणसासमोर पेशंटची फाईल उघडायची नाही, असा डॉक्टरीणबाईंचा दंडक.

"सोपं आहे," ती म्हणाली. "तूच बस आत."

"नको... माझे कान मळलेले असतील."

"तुझे फाटके मोजे बघितलेत मी. आता कसली लाज?"

तो हसला, पण उशिरा. मग आवाजबंद खोलीत जाऊन बसला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं, की बाहेर तिच्यासमोरचा दिवा लागतो. चढवताना बोटं केसांना लागली, आणि तिचं छातीतलं घड्याळ इतकं वाजायला लागलं की तेच त्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. ती बाहेर आली, जाड दार लावलं, काचेपलीकडून त्याला डोळा मिचकावला.

जाड आवाजांना दिवा लागला. मग तिने बारीक, शिट्टीसारखे आवाज लावले. दिवा लागेना.

खोडी काढतोय! तिने माईकमध्ये विचारलं, "महाशय, झोपलात का?"

त्याने काचेतून तिच्याकडे बघत मान हलवली.

तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. तिच्या बोटाखालचं बटण पुढे सरकत राहिलं, आणि दिवा काही लागला नाही. आत तो डोळे मिटून, बटणावर अंगठा टेकवून शहाण्या मुलासारखा वाट बघत होता.

टेबलाखालचे पाय. रस्त्यातली छत्री. कपाटाशी बोललेले टोमणे... आणि तिचे ओठ. तो ते बघत नव्हता, वाचत होता. आणि ही कानवाली ताई! रोज माणसांचे कान तपासते, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तिला कळला नाही. तिने पालथ्या हाताने लिपस्टिक पुसून टाकली. रडू आलं ते नंतर.

तो बाहेर आला, काही न बोलता कॉम्प्युटरशी बसला आणि त्याने फाईलची पीडीएफ केली. गोल गोल आले होते. फुल्या जागच्या जागी. इतक्या दिवसांतलं पहिलं चोख पान. त्यावर दोन रेषा उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, जाताना खाली खाली उतरत होत्या.

"जमलं," तो म्हणाला. "फार छान आलंय."

"कधीपासून?" ती त्याच्यासमोर येऊन बसली. आता कुठे बसायचं ते तिला कळलं होतं.

"कॉलेजपासून. दर वर्षी रेघ आणखी उतरते. बाबांचंही असंच झालं, माझ्या वयाला."

"कानातलं मशीन लावता येतं. मी स्वतः..."

"बाबांनी लावलं होतं. काही वर्षं चाललं, मग त्यानेही भागेना." तो थांबला. "आई जन्मभर ओरडून बोलली गं. जेवायला वाढते, हे ओरडून. आज बरं वाटत नाही, हेही ओरडून. प्रेमाचं बोलायचं झालं तरी शेजारी ऐकायचे, म्हणून शेवटी तिने तसलं बोलणंच सोडलं. तिचा आवाज किती गोड होता, ते मला मामाकडून कळलं."

तिला खूप बोलायचं होतं. तिने नुसती आपली खुर्ची आणखी पुढे ओढली.

सॉफ्टवेअर पास झालं. डॉक्टरीणबाईंनी विकत घेतलं आणि वर त्याला म्हणाल्या, "जुन्या फाईलींचा ढीग पडलाय. इथेच राहा की! तुमच्या कंपनीशी मी बोलते." तो म्हणाला, विचार करून सांगतो. तिचा जीव टांगणीला लागला. पुढच्या गावचं काम त्याची वाट बघत होतं, आणि ती इथे.

सोमवारी त्याने खरी प्रत बसवली. तिरकी करडी अक्षरं गेली का, ते बघायला एक शेवटचा रिपोर्ट हवा होता.

"या वेळी शब्दांचा," ती म्हणाली. "मी म्हणेन तो शब्द तू परत म्हणायचास."

तो आत बसला. तिने नियमाप्रमाणे तोंडासमोर पुठ्ठा धरला, म्हणजे ओठ बघून उत्तर देता येत नाही.

"दार," ती माईकमध्ये म्हणाली.

"दार."

"काच."

"...पाच?"

"फूल."

"मूल."

तिने पुठ्ठा खाली ठेवला. माईक बंद केला. काचेच्या अगदी जवळ गेली आणि आवाज न काढता, सावकाश, ओठांनी म्हणाली, "जाऊ नकोस. मला ओरडावं लागणार नाही. हे बघ, आवाजसुद्धा लागत नाही."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. एकही शब्द सुटला नव्हता, तिला दिसत होतं ते. ती थांबली. त्याने परत म्हणायचं असतं...

"हे," तो म्हणाला, "नाही कळलं मला."

इतक्या दिवसांत त्याने न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला हसून मान डोलावली होती. कळलं नाही, असं तो पहिल्यांदाच म्हणाला, आणि तेही खोटं.

तिने पुन्हा विचारलं नाही. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

"आत धूळ आहे," तो म्हणाला.

"आत धूळ जायला जागाच नाही," ती म्हणाली.

पीडीएफ स्वच्छ आली, तिरकी पट्टी नसलेली. त्याने ती बघितली, बॅग उचलली. दारात वळून म्हणाला, "ती लिपस्टिक लावत जा. वाचायला सोपं जायचं..." आणि वाक्य तिथेच टाकून पायऱ्या उतरला.

ती त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. बाहेर भुरभुर होती. धावत जाऊन समोर उभं राहता आलं असतं, पण त्याने उत्तर दिलं होतं, आणि ते किती जड गेलं तेही तिने पाहिलं होतं. काळी छत्री कोपऱ्याकडे निघाली. तेव्हा मागून तिने हाक मारली. नेहमीच्या आवाजात, मुळीच न ओरडता. मग जे जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं बोलली. आवडतोस, म्हणाली. वाट बघेन, म्हणाली. जपून जा, म्हणाली.

रस्त्यावरची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. तो वळला नाही. या वेळी तिला त्याचा राग आला नाही.