पुढं सायकल हाय

बाराच्या आत भाकरी खानावळीत पोचवायची, एवढंच माझं काम. माझी बायको सारजा पहाटेपासून थापते, कडक करून घेते. मी फडक्यात गुंडाळतो, पाटी कॅरियरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळतो आणि अक्कलकोट रोडनं निघतो. हे झालं ते मे महिन्यात. तुमी बसा, लाईट येईल तवा येईल. ही बॅटरी पुरंल तेवढ्याला. माझी शाळा तिसरीपतूर. नीट सांगता येईलच असं न्हाय, पण तिखटमीठ लावणार न्हाय.

माझी हयात सायकलीवर गेली. मिलला सायकलनं गेलो. मिल बंद पडली तवा सायकलनंच घरी आलो. तवा रस्ता हातभर होता आणि मला जागा होती. आता रस्ता मैदानाएवढा केला आणि मला कडेची खडी ठेवली. गाड्या तर काय सांगू. चाकावर ठेवलेलं माळवदाचं घर! आत बसलेला माणूस एक, तो बी फोनवर. मागनं हॉर्न असा मारतात की मी माणूस न्हाय, म्हैस हाय. म्हैस असती तर निदान वळसा तरी घातला असता. मी शिव्या देतो. काचा बंद असतात, त्यांना ऐकू जात न्हाय. पण मला बरं वाटतं.

आणि असली गाडी एक दिवस माझ्याच दारात आली.

माझा पोरगा इंद्रजीत, प्लॉटच्या धंद्यात हाय. त्यानं आणली. जुनीच, लांबनं कुटनंतरी घेतलेली. पांढरीशिप्पत, काळ्या काचांची. बोनेट माझ्या छातीला लागत होतं. आमची बोळ म्हंजे दोन सायकली कशाबशा जातील एवढी. गाडी आत शिरली आणि बोळ संपली. समोरची चांदबी पाण्याची घागर घेऊन तशीच उभी. म्हणाली, "इंद्रजीत बेटा, आता आमी काय तुझ्या टपावरनं जायचं का?"

"भाभी, सवय होईल," इंद्रजीत म्हणाला.

"गाडीला व्हय रे?"

तो हसला. त्याला लई आनंद झाला होता. मी पुढनं वाकून बघितलं. पुढच्या बंपरखाली जाळीत एक चप्पल दिसली. साधी, निळ्या पट्ट्याची, एकाच पायाची. गाडीला जुनी चप्पल दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, त्यात नवल न्हाय. सारजा म्हणाली, "आधीच्या मालकानं बांधली असंल. राहू द्या, चांगलं असतं."

पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सारजानं भाकरतुकडा घेतला, पाण्याचा तांब्या घेतला, गाडीवरनं उतरवला. तो तुकडा बोळीबाहेर, तिठ्यावर नेऊन टाकायचा असतो. जे काय संगं आलं असंल ते तितंच राहावं, घरात येऊ नये म्हणून. पण जायचं कुटनं? गाडी दोन्हीकडनं भिंतींना टेकायला आलेली. सारजा एकीकडनं गेली, पोट अडकलं. दुसरीकडनं गेली, पदर अडकला.

"आई, ठेव की हितंच. कोण बघतंय," इंद्रजीत म्हणाला.

तिनं भाकरीचा तुकडा बंपरखाली, त्या चपलीच्या बरोबर खाली ठेवला. वर तांब्यातलं पाणी सोडलं. माझ्या मनाला ते बरं वाटलं न्हाय. पण म्हातारा कायम कुरकुरतोच म्हणून माझं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवसापासून गाडी वाजायला लागली. इंद्रजीतनं चालू केली की टूं... टूं... टूं... पुढं काही आडवं असलं की वाजतं म्हणे ते. पुढं तर बोळ मोकळी होती. इंद्रजीत उतरून बघून आला, परत बसला. परत टूं टूं टूं. काचेतनं पण काही दिसंना, नुसती रिकामी बोळ.

तवाच मी एक करून बघितलं. माझी नात आरोही, नववीला गेलेली. सायकलनं क्लासला जाते, ती मीच शिकवलेली. तिला सायकल घेऊन बोनेटपुढं उभी केली आणि मी वर सीटवर चढून बसलो. चढलो म्हंजे माडीवरच चढलो. बघतो तर पोरगी न्हाय. सायकल न्हाय. नुसतं पांढरं पत्र्याचं पठार आणि पलीकडं चांदबीचं दार.

"आरोही, हात वर कर!" मी ओरडलो.

बोनेटच्या कडेवर चार बोटं दिसली.

मी इंद्रजीतला वर बसवला, दाखवलं. "बघ. तुझी स्वतःची पोरगी तुला दिसत न्हाय."

"आबा, म्हणूनच तर सेन्सर असतो."

"मग तो खोटं का वाजतोय?"

"बिघडलाय."

आणि त्यानं काय करावं? गॅरेजला नेऊन त्या सेन्सरची वायरच तोडून आणली. वर आरोहीला म्हणाला, "उन्हाचं सायकल कशाला? आपल्याकडं गाडी हाय की. उद्यापासून सायकल बंद." पोरगी रडकुंडीला आली. मी म्हणालो, "ती सायकलनंच जाईल. तुझ्या पत्र्यात बसून तिला रस्त्यावरची माणसं दिसायची बंद होतील." तो हात झटकून घरात गेला. पण मला त्या दिवसापासून एकच घोर. बोळ तीच, गाडी तीच, पोरगी तीच, आणि वायर तोडलेली.

मग ती दुपार आली.

भाकरी देऊन मी परत निघालो होतो. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन तुमाला माहीत हाय. कुत्री गटारात, माणसं घरात. डांबर पातळ झालेलं, टायर सुटताना चर्र आवाज करतं. झाडाचं पान हलत न्हवतं. करपलेल्या रबराचा वास येत होता. म्हणालो माझाच टायर असंल.

माझ्या पुढं थोड्या अंतरावर एक सायकलवाला होता. कधी आला, कुटनं आला, बघितलं न्हाय. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाठीला सदरा चिकटलेला. त्याचं मागचं चाक वाकलेलं होतं, पार पिळून टाकल्यासारखं. असलं चाक फिरतच न्हाय हो. पण ते फिरत होतं, आणि सायकल सरळ चालली होती.

आणि गाड्या... सांगतो ते खरं हाय. मागनं येणारी प्रत्येक गाडी त्याच्याजवळ आली की हळू व्हायची. हॉर्न न्हाय. लांबनं वळसा घालून पुढं जायची. ट्रक बी. इतक्या वर्षांत मला कुणी हातभर जागा दिली न्हाय, आणि ह्याला आख्खी लेन! मला आधी राग आला. मग मी त्याच्या मागं मागं चाललो, त्याच्या आडोशानं. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर मला निवांत वाटलं.

मग मला त्याचा पाय दिसला. एका पायात चप्पल होती. दुसरा अनवाणी. पायडल वर आलं की तळवा दिसायचा. पांढराफट्ट.

"ओ पाव्हणं," मी हाक मारली, "पाय भाजंल की..."

तो वळला न्हाय. घंटी वाजवली, एकदाच. आणि आमच्या बोळीकडं वळला.

मी पायडल मारलं. काय झालं मला सांगता येत न्हाय, पण सीटवरनं उठून पाय मारत सुटलो. बोळीच्या तोंडाशी आलो तर इंद्रजीतची गाडी चालू, एसीचं पाणी खाली गळतंय, निघायच्या बेतात. तिच्यापुढं तो सायकलवाला दिसंना. गाडीनं हिसका दिला, पुढं सरली, आणि टूं टूं टूं टूं... असा कर्कश आवाज, की चांदबी दारात आली. गाडी जाग्यावर थटली. इंद्रजीत शिव्या घालत उतरला.

"वायर तोडलीय ना ह्याची! वाजतंय कसं..."

मी सायकल टाकून पुढं पळालो. बंपरपासनं वीतभर अंतरावर आरोही उकिडवी बसली होती. सायकल आडवी पडलेली.

इंद्रजीतचं तोंड पांढरं पडलं. "मला... मला दिसली न्हाय, आबा."

मी पोरीला उचलली. ती म्हणाली, "काय झालं आज्जा? ते काका चेन बसवून देत होते."

"कुठले काका?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. "आता तर हितं होते."

चेन बसलेली होती. पोरीच्या बोटांना काळं लागलेलं न्हवतं.

"काय बोलले ते?"

"काही न्हाय. गाडी कुणाची, म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या पप्पांची."

बोळीच्या तोंडाला नबीसाबचं सायकलचं दुकान हाय. माझ्याच वयाचा, तोंडाचा माझ्याहून वाईट. त्याला बोलावलं. तो रस्त्यावर आडवा झाला, गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर येईना.

"काय रे, झोपला काय?"

"महिपती," आतनं हळू आवाज आला, "ही चप्पल बांधलेली न्हाय रे. घुसलेली हाय. जाळी आतल्या बाजूला वाकलीय."

त्यानं पकडीनं ओढली. चपलीच्या मागनं टॉवेलचा धागा निघाला. ओढंल तसा निघतच राहिला. नबीसाबनं पकड टाकली आणि "या अल्ला" म्हणत मागं सरकला.

सारजा दारात मटकन बसली. "अवो... मी त्याला दारात जेवायला घातलं. बाहेर सोडायचं ते मीच घरात घेतलं."

ती चप्पल आमी तिठ्यावर ठेवून आलो. इंद्रजीतला म्हणालो, गाडी विकून टाक. ज्यानं त्या सायकलवाल्याला मारलं त्यानं ही तुझ्या गळ्यात बांधलीय. तो म्हणाला, "आबा, तुमाला पहिल्यापासनं गाडी बघवत न्हाय." आता ह्याला काय म्हणावं? पोरगी वीतभर अंतरावरनं वाचली, तरी ह्याला गाडीचीच काळजी!

पण तो बदलला. उशिरा यायला लागला. अक्कलकोटला जाऊन यायचं म्हंजे काय लागतंय? हा सकाळी गेलेला दिवस मावळताना यायचा. घामानं थबथबलेला, एसी असून. लोक सांगायचे, तुमचा इंद्रजीत बैलगाडीसारखी गाडी चालवतो, मागं रांग लागते.

मी विचारलं. तो खालमानेनं म्हणाला, "पुढं सायकल हाय, आबा."

"मग वळसा घाल की."

"घालता येत न्हाय. तो वळंल तिकडं स्टेअरिंग वळतं."

मग एक दिवस त्याचा फोन आला. माढ्याकडं निघालेला माणूस, म्हणाला पार उलट्या अंगाला, दुधनीच्या पुढं कुटंतरी हाय. कच्चा रस्ता, दोन्हीकडनं मोकळी रानं. "आबा, तो थांबलाय... उतरलाय. माझ्याकडंच येतोय..."

"काच खाली करू नको, इंद्रजीत!"

"सायकल धर म्हणतोय, आबा. जरा वेळ धर म्हणतोय..."

फोन बंद पडला. त्या दिवशी आमी घरातले कसे होतो ते सांगत न्हाय.

चौथ्या दिवशी भर दुपारी इंद्रजीत बोळीत आला. सायकलवर, एक पाय अनवाणी. सारजा रडत धावली. त्यानं पाय धुतले, भाकरी खाल्ली, झोपला. गाडी कुटं हाय विचारलं तर म्हणाला, "गेली." पोलिसात कळवलं, गाडी सापडली न्हाय. मला काय, बरंच झालं. पोरगा जिता आला, आणखी काय पायजे? आता तो सगळीकडं सायकलनंच जातो. बोलत न्हाय फारसा. धंदा सोडला. माझ्याशी भांडत पण न्हाय. आधी वाटायचं, सुधारला. आता वाटतं, भांडला असता तर बरं झालं असतं.

परवाचीच गोष्ट. आरोही क्लासहून आली, तोंड धुतलं आणि माझ्या शेजारी वट्यावर बसली. म्हणाली, "आज्जा, आजकाल माझ्या मागं एक पांढरी गाडी असते. मोठी. पण लई चांगली हाय. हॉर्न मारत न्हाय, लांबनं येते. तिच्यामुळं दुसऱ्या गाड्या बी माझ्याजवळ येत न्हाईत."

माझ्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

"आज काच खाली केली," ती म्हणाली. "उन्हाचं सायकल कशाला, मागं टाकू, तू पुढं बस, असं म्हणाले."

"बसायचं न्हाय!" मी एवढ्या जोरात ओरडलो की चांदबी बाहेर आली. "अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं न्हाय, कळलं का?"

आरोहीनं माझ्याकडं नवलानं बघितलं.

"अनोळखी कुटं, आज्जा? पप्पाच होते की आत."

इंद्रजीत तवा आमच्यासमोर, बोळीतच बसला होता. आपल्या सायकलीच्या चाकाचा एकेक आरा फडक्यानं पुसत होता. त्यानं मान वर केली न्हाय. नुसता हात थांबला.