कानामागची घडी

ते भिंतीवरचं पदक ना? बाकीची सगळी कपाटात धूळ खात पडलीत, हे एकच मी बाहेर लावलंय. का, ते सांगते. लाईट यायला वेळ आहे. तो दिवा जरा इकडे सरकव, आणि मध्ये मध्ये "मावशी, खरंच?" असं विचारू नकोस. खरंच आहे.

माझं काम तुला माहीत आहे. स्मृतिभ्रंश होऊन माणूस गेला आणि त्यानं मेंदू दान केलेला असला, की तो माझ्याकडे येतो. नेमका कुठला आजार होता, कुठून सुरू झाला, कसा पसरला, हे मी सांगायचं. जिवंतपणी डॉक्टर अंदाज बांधतात. शेवटचा शब्द माझा. तुझे काका म्हणायचे, "बाहेरच्यांची डोकी कापतेस आणि घरी येऊन माझं खातेस." हसायचे, पण पाहुणे आले की माझे छापून आलेले लेख तेच काढून दाखवायचे.

त्या रविवारी मी प्रयोगशाळेत गेले ती केवळ चष्मा विसरले होते म्हणून. दुपारची वेळ. बाहेर मळभ होतं, खिडक्यांतून राखाडी उजेड येत होता. चष्मा घेऊन निघणार, तेवढ्यात पाण्याच्या भांड्याकडे लक्ष गेलं. मेंदू टिकवायच्या फॉर्मेलिनमधून काढलेला एक मेंदू धुण्यासाठी ठेवला होता. सोमवारी बघायचा होता. म्हटलं, शांतता आहे, आत्ताच बघू.

तो एका टेलिफोन ऑपरेटर बाईंचा होता. फोनच्या लाईनी माणसं हातानं जोडून देत असत, त्या काळातल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आजाराची हकीकत मात्र विचित्र होती. आवाज ऐकू यायचे, पण त्यांचा अर्थ लागेना. मुलीनं हाक मारली तर भांडं पडल्यासारखं दचकायच्या. सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या आई नाटक करतात.

मी एप्रन चढवला, हातमोजे घातले, फळीवरचा छोटा रेकॉर्डर सुरू केला. बघता बघता मोठ्यानं बोलत जायचं, ही आमची पद्धत. मला आणखी एक खोड आहे. कामाला हात घालण्याआधी मी त्या माणसाशी दोन शब्द बोलते. एवढं मौल्यवान कुणी आपल्या हाती देतं, तर मुकाट्यानं सुरी कशी लावायची?

फॉर्मेलिनचा तो नाकात झोंबणारा वास, नळाची बारीक धार, आणि माझा आवाज. दुसरं काही नव्हतं. एकदा मात्र वाटलं, की आपलं बोलून झालं की खोली जरा जास्तच गप्प होते... समोरचं माणूस उत्तर द्यायला श्वास घेतं ना, तशी. मी मनावर घेतलं नाही.

नेहमीच्या सगळ्या जागा पाहिल्या, तुकडे घेतले. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या काचेखालीही पाहिले. कुठे काही नाही. अहवालात लिहिलं, "कारण सापडलं नाही."

तो अहवाल ऐकायला त्यांची धाकटी मुलगी आली. शिवणकाम करणारी, बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे पडलेली. शेवटची सगळी वर्षं आईला तिनंच सांभाळलं होतं. जे लिहिलं होतं ते मी तिला सांगितलं.

"म्हणजे दादा म्हणत होता तेच खरं?" तिनं विचारलं. "नाटकच?"

"तसं नाही हो. मला सापडलं नाही, एवढंच."

"लोकांना तेच ऐकू येणार, डॉक्टर." तिनं डोळे पुसले. "आई म्हणायची, मी वेडी नाही, माझ्यात कुठेतरी बिघाड आहे. मी गेल्यावर शोधून काढा. म्हणून तर दान केलं... तुम्ही तिचं बोलणं तरी ऐका. आमचं तिला काही कळायचं नाही, पण दुपारी एकटीच बोलत बसायची, तेव्हा इतकं शहाण्यासारखं बोलायची! मला वाटायचं, मनानं जुन्या नोकरीवर गेलीय."

तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. आई जाण्याच्या दोन वर्षं आधीचं. आधी शांतता, मग एक खणखणीत, आदबशीर आवाज.

"बघा ना. मला कुठे जायचंय?"

मग थांबणं. मग, "हो, आम्ही सगळ्या अंगानं बारीकच."

त्या रविवारी मी काय काय बोलले होते, ते मला आठवलं. मी कपाटातून माझा रेकॉर्डर काढला. तिला म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून लावा." आणि दोन्ही एकदम सुरू केले.

"बघू हं, आजी..." हा माझा आवाज.

"बघा ना. मला कुठे जायचंय?"

"वजन थोडं कमी भरतंय."

"हो, आम्ही सगळ्या अंगानं बारीकच."

"उजवी बाजू स्वच्छ दिसते."

"उजवीकडून कधी त्रास नव्हताच."

"डावीकडे... छे. इथेही काही नाही."

"आहे. कानाच्या मागे, खाली. ती घडी उलगडून बघा."

माझ्या रेकॉर्डरवर त्यानंतर नुसता नळाचा आवाज. मी ती घडी उलगडली नव्हती. कुणीच उलगडत नसे. आमच्या नियमांत ती जागाच नव्हती.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "तुम्ही... आईशी बोलत होता?"

रेकॉर्डर चालूच होता. माझा थकलेला आवाज म्हणाला, "नाही सापडत." आणि फोनमधून तो दुसरा आवाज अगदी मायेनं म्हणाला, "सापडेल. तुम्ही सोडणाऱ्यातल्या नाही."

पुढचं ऐकायला मुलीला धीर होईना. तिनं फोन बंद केला.

मी उरलेला मेंदू पुन्हा बाहेर काढला. सुरी सरळ चालली, हे मी अभिमानानं सांगते. कानामागची ती अरुंद घडी उलगडली, तुकडा रंगवून काचेखाली ठेवला. पेशीपेशीत तपकिरी गुंतवळ! कुठल्याही पुस्तकात नसलेला. नुकतंच घर करू लागलेलं दुखणं नव्हतं ते. वर्षानुवर्षं मुरलेलं होतं.

मी स्वतः त्या शिवणकामवालीच्या घरी गेले. थोरला भाऊही होता. मी दोघांसमोर सांगितलं, "तुमच्या आईंना आजार होता. खरा होता. ऐकू आलेल्याचा अर्थ लावायची जागाच त्यानं खाल्ली होती. त्या सांगत होत्या तो शब्दन् शब्द बरोबर होता." भाऊ खाली मान घालून रडला. ती मात्र ताठ बसली आणि म्हणाली, "माझी आई कधी चुकीची लाईन जोडत नव्हती."

मग मी साठवणीतले सगळे "कारण सापडलं नाही" म्हणून ठेवलेले मेंदू काढले. एकेकाची ती घडी उलगडली. कितीतरी जणांत तेच! परिषदेत पहिल्यांदा मांडलं, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. मी उभीच राहिले. काचा पुढे केल्या, म्हटलं, या आणि बघा. एकेक जण आला, पाहिलं, आणि गुपचूप जागेवर जाऊन बसला. आज जगात कुठेही स्मृतिभ्रंशाचा मेंदू उघडला, की ती घडी बघतात. ज्यांना नाटकी म्हटलं होतं, अशांच्या किती घरी मी पत्रं पाठवली! पदक त्याचं आहे. तिथेच बघावंसं कसं सुचलं, असं सगळे विचारतात. मी म्हणते, एका सहकारी बाईंनी सुचवलं.

इथेच थांबायला हवं खरं तर. पण तू आता माझ्याच प्रयोगशाळेत कामाला लागणार, तेव्हा तुला कळलेलं बरं.

पदक मिळाल्यावर त्या मुलीनं मला आईचं सगळं रेकॉर्डिंग पाठवलं. आठवण म्हणून. शेवटपर्यंत तिनंही ऐकलं नव्हतं. मी ऐकलं, भर सकाळी, स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप घेऊन. "तुम्ही सोडणाऱ्यातल्या नाही," यानंतर बराच वेळ काही नाही. मग बाईंचा आवाज एकदम खाली आलेला...

"बाई... तुमच्या मागे ते कोण उभे आहेत?"

थोडं थांबून, कुजबुजत, "त्यांना मला हात लावू देऊ नका. त्यांनी हातमोजे घातले नाहीत."

रविवार होता. इमारतीत मी एकटी होते.

दुसऱ्याच दिवशी मी टेबल फिरवून घेतलं. आता पाठ भिंतीला लावून काम करते. जाड दगडी भिंत आहे, पलीकडे शीतगृह. बर्फासारखी असायला हवी ना?

टेकून उभं राहिलं की ती अंगासारखी कोमट लागते.