तांबडी रेषा

मनकाडी बसवलेल्या पेशंटला भेटायला जाताना लोक हल्ली आवाजसुद्धा जपून काढतात. न जाणो, तांबडी रेषा वर गेली तर काय घ्या?

मनकाडी म्हणजे केसाहून बारीक तार. डॉक्टर ती मेंदूत खोलवर बसवतात. तिचं टोक पेशींमधली वीज टिपतं आणि तिथे पाझरणारी रसायनंही. बोलता न येणाऱ्या माणसाला आनंद झाला की पडद्यावरची हिरवी रेषा चढते, भीती वाटली की तांबडी. घरच्यांचाच छळ सोसणारे कितीतरी मुके जीव या तांबड्या रेषेने सोडवले, ते नाकारून चालणार नाही. म्हणून तर कायदा झाला. ज्याच्या येण्याने सलग दहा दिवस ती चढेल, त्याची भेट कायमची बंद. फोनवरूनसुद्धा बोलायचं नाही.

कऱ्हाडच्या एका रुग्णालयात ही पाळी श्रेयस मोहितेवर आली. त्याचे वडील सुहासराव, निवृत्त वायरमन, पक्षाघाताने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. श्रेयसही वायरमनच. रोज ड्यूटीवर जाताना तो यायचा, बापाची दाढी करायचा आणि "येतो, बाबा" म्हणून निघायचा.

"दहाही दिवस?" त्याने विचारलं.

"दहाही," डॉ. इरावती पाध्ये म्हणाल्या. मनकाडी घडवणाऱ्यांपैकी त्या एक. "तुम्ही आलात की दोन्ही रेषा चढतात. पण कायदा तांबडीच बघतो."

"म्हणजे बाबा मला घाबरतात होय?"

"तुम्हाला घाबरतात की तुमच्यासाठी, हे काडीला नाही हो कळत. रसायन एकच. त्यांनी कधी कुणाला शॉक लागताना पाहिलंय?"

"कामावरच्या जोडीदाराला. डोळ्यांदेखत गेला तो खांबावर."

"मग हेच ते. भेटी बंद करणाऱ्या समितीशी मी भांडते. तुम्ही फक्त लिहून द्या, की त्यांना तुमच्याकडून कधी त्रास झाला नाही."

श्रेयस पेन धरून बसून राहिला. माणसाने अशा वेळी बिनदिक्कत लिहून मोकळं व्हावं की नाही? हा शहाणा आठवत बसला. एकदा दाढी करताना पातं लागलं होतं. एकदा घास गिळत नाहीत म्हणून तो ओरडला होता.

"मशीन खोटं कशाला बोलेल, मॅडम? माझंच काहीतरी चुकलं असणार," तो म्हणाला आणि कागद कोराच ठेवून निघून गेला. इरावतीबाईंना त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी त्याची यायची वेळ टळली तशी तांबडी रेषा चढू लागली. दोन दिवस ती उतरलीच नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही रेषा खाली आल्या आणि तिथेच राहिल्या. समितीने शेरा मारला, 'रुग्ण शांत. बंदी लागू पडली.'

इरावतीबाई सुहासरावांच्या कानाशी वाकल्या. "श्रेयस ठणठणीत आहे, सुहासराव. त्याला काहीही झालेलं नाही."

त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. एकही रेषा हलली नाही. मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो म्हातारा आता कुणावर विश्वास ठेवणार नव्हता, आणि तेवढंच कायद्याला मंजूर नव्हतं.