दोन सीटचं विमान

गल्लीच्या वळणावर आधी एक लांबलचक लोखंडी नळी आली, मग सायकल आणि सगळ्यांत शेवटी तो. नळीनं दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या हातातला चहाचा पेला अलगद उडवला.

"अहो, घर बांधताय की लढाईला निघालाय?"

"विमान बांधतोय," तो ओशाळला. "नळ्या जोडून द्याल?"

ती हसली. वडिलांच्या मागे वेल्डिंगचं दुकान एकटीनं चालवणारी ती, गिऱ्हाइकासमोर सहसा हसायची नाही. भाव पडतो.

त्याच्या घरामागच्या शेडमध्ये खरोखरच विमान होतं. पंख होते, शेजारी शेजारी दोन सीट होत्या. नाकाच्या जागी मात्र नुसतं भगदाड.

"दुसरी सीट कुणाची?"

"बसेल... कुणीतरी."

"माझी शिलाई मशीन बसेल!" त्याची आई दारातून म्हणाली. "या येड्याशेजारी दुसरं कोण बसतंय?"

इंजिन ज्यावर टांगायचं ती नळ्यांची चौकट तिनंच जोडली. मग दुकान बंद झालं की तिची पावलं आपोआप शेडकडे वळू लागली. ती म्हणेल तिथं बोल्ट, ती म्हणेल तेवढाच पिळायचा. 'अहो-जाहो' कुठल्या बोल्टाशी गळून पडलं, दोघांनाही आठवत नव्हतं.

इंजिन साखळीला लटकलं तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. तीन बोल्ट बसले, चौथा अडला. तिनं इंजिनाला खांदा लावला, त्यानं तिच्या हातावर हात ठेवून बोल्ट सरकवला... गेला! हात मात्र तिथंच राहिला.

"बसला ना बोल्ट?" ती म्हणाली.

"खात्री करतोय."

"चांगलीच खात्री लागते रे तुला!"

मग चाकांखाली वजनकाटे ठेवले आणि दोघांचे चेहरे उतरले. इंजिन अंदाजापेक्षा बरंच जड निघालं होतं.

"तुझं वजन किती?" त्यानं चाचरत विचारलं.

"बायकांना विचारतात का असं?"

"मी नाही, विमान विचारतंय."

हिशेब सरळ होता. डोंगरापलीकडच्या विमानतळावर त्याला मेकॅनिकची नोकरी लागली होती. हे जड पण ताकदीचं इंजिन ठेवलं तर तो थेट डोंगरावरून जाणार, पण एकटा. विकणारा बदलून हलकं द्यायला तयार होता. ते लावलं तर डोंगराला वळसा पडला असता, पण दोघं मावली असती.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हे यानं स्वतःहून बोलावं. म्हणून पोरीनं खडा टाकून पाहिला.

"काढून टाक दुसरी सीट."

आता भांडेल, मग भांडेल, म्हणून ती वाट बघत राहिली... त्यानं पाना उचलला.

निघायच्या सकाळी मैदानावर गवत ओलं होतं. विमानाला स्टार्टर नव्हता. नाकापुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं, आणि ते काम तिचं.

"तू बसशील असं वाटलं होतं," सीटवरून तो एकदम म्हणाला.

ती गर्रकन वळली. "मग सीट का काढलीस?"

"तू म्हणालीस ना."

"मी म्हणाले म्हणून?"

"तुझ्या शब्दाबाहेर एक तरी बोल्ट पिळलाय का मी? वाटलं, तुला यायचंच नाही..." तो थांबला. "इंजिन उतरवू? नोकरीवाले थांबतील, नाही थांबले तर गेले उडत. तू सांग फक्त."

सांगायचं काय, एक 'हो'. पण पुन्हा तिनंच? एकदा तरी यानं न विचारता खाली उडी मारावी!

"हवा चांगली आहे," ती म्हणाली. "निघ."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली आणि पट्टा आवळला.

तिनं पंख्यावर दोन्ही हात ठेवले. दोनचार झटके लागतील, तेवढ्यात हा उतरेल, नाहीतर आपल्यालाच तोंड फुटेल... तिनं पंखा ओढला.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. बसवलंच होतं तिनं तसं.